गाडी आडवी करा, माणूस आडवा होऊ देऊ नका

मी कापडाचा व्यापारी. गॅरेज हा माझा धंदा नव्हे. परंतु वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी घरात आहे. तिच्या तळाचा पत्रा गंजला म्हणून आपल्या जिल्ह्यातील एका गॅरेजात जावे लागले. तेथे जे पाहिले ते कारागीर बांधवांसमोर ठेवणे मी माझी जिम्मेदारी समजतो.

चार मुलांनी एका बाजूला जुने टायर टाकले, दोर बांधला आणि गाडी हातानेच कलती केली. अर्ध्यापर्यंत जोर लावावा लागला. तोल ओलांडताच मात्र ती स्वतःच्या वजनाने पलीकडे कोसळली. एका शागीर्दाचा हात थोडक्यात वाचला. सर्वजण हसले. मला हसू आले नाही.

गाडी आडवी करणे चूक नाही. पाठीवर झोपून वेल्डिंग केले तर ठिणग्या तोंडावर पडतात. तळ डोळ्यांसमोर आला की काम चांगले होते. चूक आहे ती पद्धतीत.

आधी इंजिन, गिअरबॉक्स, काचा उतरवाव्यात. बॅटरी काढावी, नाहीतर ॲसिड सांडते. ब्रेक ऑईल काढून घ्यावे. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवावी. रिकामी टाकी निर्धोक समजू नये. आतली वाफ एका ठिणगीने पेटते. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालचा गंजका पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या जोडाव्यात. नाहीतर बॉडी वाकते आणि नंतर दारे बसत नाहीत.

यासाठी लोखंडी फिरता सांगाडा आपला वेल्डरही करू शकतो. बॉडी त्याला बोल्टने घट्ट बसवावी. फिरण्याचा आस वजनाच्या मध्याजवळ असावा आणि जागा पक्की करणारी खीळ असावी. सांगाडा नसेल तर एका बाजूने चेनपुलीने हळूहळू उचलावे आणि दुसऱ्या बाजूने दोर ताणून धरावा. खाली सिमेंटची फरशी हवी. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक रुततो. खीळ बसेपर्यंत वा भक्कम ठोकळे लागेपर्यंत कोणीही खाली जाऊ नये.

उस्ताद म्हणतील, हा खर्च कोण करणार? दोन-तीन गॅरेजांनी मिळून एक सांगाडा करावा आणि त्याचे भाडे गिऱ्हाइकाकडून उघडपणे घ्यावे. मी ते आनंदाने देईन. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. आता उरलेल्या गाड्या शौकीन लोक जपतात. २०२१ च्या केंद्रीय नियमाने पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. त्यात अट अशी की बॉडी, चेसिस वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे मूळ बॉडी जपणाऱ्या हाताला किंमत आहे. थान एकदा वाकडे फाडले की त्याचा भाव गेला, हे आम्ही कापडवाले जाणतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या जिल्ह्याने डोक्यावरचे वजन कोसळताना पाहिले आहे. ते संकट न सांगता आले. गॅरेजातले वजन तर आपण आपल्याच हातांनी उचलतो. गाडी ही गिऱ्हाइकाची अमानत आहे, तसा शागीर्द ही त्याच्या आईबापांची अमानत आहे. गाडीचा पत्रा पुन्हा मिळेल, मुलाचा हात मिळणार नाही.