अरबी समुद्राचे रक्षण बंदरावरच : अबू धाबीनंतरचा मासेमारीचा प्रश्न

जागतिक व्यापार संघटनेची तेरावी मंत्रिस्तरीय परिषद २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अबू धाबीत सुरू झाली. चार दिवसांसाठी ठरलेली ही परिषद लांबत लांबत १ आणि २ मार्चच्या मधल्या रात्री संपली. तोपर्यंत मासेमारीच्या अनुदानांवरील मसुद्याला सर्वांची संमती मिळू शकली नव्हती आणि तो बाजूला ठेवावा लागला. यजमान संयुक्त अरब अमिरातीच्या दृष्टीने ही निराशाच होती. भारतात मात्र हा निकाल आपल्या मच्छीमारांचा बचाव म्हणून मांडला गेला. दोन्ही प्रतिक्रिया आपापल्या जागी समजण्याजोग्या आहेत. परंतु अनुदानांचा वाद मिटेपर्यंत अरबी समुद्रातील बेकायदा मासेमारीला आवर घालायचा कोणी आणि कोठे, हा प्रश्न त्या रात्री अनुत्तरितच राहिला. त्याचे व्यवहार्य उत्तर बंदरावर आहे.

अबू धाबीत जे फसले तो कराराचा दुसरा टप्पा होता. पहिला टप्पा जून २०२२ मध्ये जिनिव्हात संमत झाला. अमिरातीने तो २०२३ मध्ये स्वीकारला आणि आवश्यक त्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती पूर्ण होताच १५ सप्टेंबर २०२५ रोजी तो अमलात आला. बेकायदा, नोंद न केलेली वा अनियंत्रित मासेमारी करणाऱ्या जहाजाला सरकारी अनुदान देण्यास हा करार मनाई करतो. त्यातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. आपल्या बंदरात आलेल्या जहाजाने अशी मासेमारी केली आहे असे मानण्यास स्पष्ट आधार असेल, तर बंदर ज्या देशाचे आहे तो देश अनुदान देणाऱ्या देशाला तसे कळवू शकतो आणि त्या माहितीची दखल घेणे अनुदान देणाऱ्यावर बंधनकारक ठरते. अशा रीतीने व्यापाराच्या कायद्यानेही बंदरावरील तपासणीला महत्त्व दिले आहे. या कराराला मुदतीची अटही आहे. अमलात आल्यापासून चार वर्षांत, म्हणजे सप्टेंबर २०२९ पर्यंत, व्यापक नियमांवर एकमत झाले नाही आणि संघटनेच्या सर्वसाधारण परिषदेने वेगळा निर्णय घेतला नाही, तर संपूर्ण करारच संपुष्टात येईल.

बंदराला एवढे महत्त्व का, हे समुद्राच्या विस्ताराकडे पाहिले की कळते. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र त्या त्या देशाचे असते. त्यापलीकडच्या खोल समुद्रात जहाजावर अधिकार चालतो तो ध्वजराष्ट्राचा, म्हणजे जहाजाची नोंदणी ज्या देशात आहे त्याचा. तो देश दुर्लक्ष करणारा असेल, किंवा जहाज दर वर्षी नवा ध्वज आणि नवे नाव घेत असेल, तर गस्तीनौका फारसे काही करू शकत नाही. अशा मासेमारीतून जगात दर वर्षी १.१ ते २.६ कोटी टन मासळी काढली जाते, असा एक बहुधा उद्धृत होणारा अंदाज आहे. मात्र कितीही धूर्त कप्तानाला मासळी कोठेतरी उतरवावी लागते, डिझेल भरावे लागते, जाळी दुरुस्त करावी लागतात आणि खलाशी बदलावे लागतात.

हाच धागा पकडून अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने बंदरराष्ट्र उपाययोजना करार झाला. तो २००९ मध्ये संमत झाला आणि ५ जून २०१६ पासून अमलात आला. त्याची कार्यपद्धती सोपी आहे. प्रत्येक देश परदेशी मासेमारी जहाजांसाठी ठरावीक बंदरे जाहीर करतो. जहाजाने येण्यापूर्वीच आपली ओळख, परवाने, मासेमारीचे क्षेत्र आणि जहाजावरील मासळीचा तपशील कळवायचा असतो. संशयाला जागा असेल तर प्रवेश नाकारता येतो किंवा केवळ तपासणीपुरता देता येतो. तपासणीत दोष आढळला तर मासळी उतरवणे, दुसऱ्या जहाजावर चढवणे, इंधन, रसद, दुरुस्ती या सगळ्या सोयी बंद होतात आणि अहवाल ध्वजराष्ट्राकडे व इतर संबंधित देशांकडे जातो. एका बंदराने नाकारलेले जहाज दुसऱ्या बंदराला आधीच ठाऊक असावे, हा त्यामागचा हेतू आहे. त्यासाठी जागतिक माहिती-विनिमय यंत्रणाही उभी राहिली आहे.

ही यंत्रणा कशी चालते आणि कोठे गळते, हे ‘एसटीएस-५०’ या जहाजाच्या उदाहरणावरून समजते. अंटार्क्टिक समुद्रातील टूथफिश या महागड्या माशाच्या बेकायदा शिकारीसाठी ते कुप्रसिद्ध होते. नावे आणि ध्वज बदलत ते वर्षानुवर्षे निसटत राहिले. २०१८ च्या आरंभी मादागास्करने त्याला थारा दिला नाही. मोझांबिकने मापुतो येथे ते अडवून कागदपत्रे ताब्यात घेतली, तरी ते तेथून पळाले. अखेर एप्रिल २०१८ मध्ये हिंदी महासागर ओलांडून गेलेल्या या जहाजाला इंडोनेशियाच्या नौदलाने पकडले. यातील कोणत्याही एका देशाला हे एकट्याने साधले नसते. एकाने दिलेली खबर दुसऱ्याने गांभीर्याने घेतली म्हणून जहाजाला जागा उरली नाही. एखादे बेफिकीर बंदर वाटेत मिळाले असते, तर ते जहाज इंधन भरून पुन्हा दक्षिणेकडे वळले असते.

अरबी समुद्रासाठी हा धडा विशेष मोलाचा आहे, कारण येथे कायद्यातच एक मोठी पोकळी आहे. ओमानच्या आग्नेयेला, कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेर, म्हाकूल पकडणाऱ्या परदेशी जहाजांचा ताफा गेल्या दशकात झपाट्याने वाढला. जागतिक वन्यजीव निधी आणि ट्रिग मॅट ट्रॅकिंग या संस्थांच्या २०२० मधील पाहणीनुसार २०१५ मध्ये तेथे सुमारे ३० जहाजे होती, तर २०१९ मध्ये ती ३०० च्या घरात गेली. हिंदी महासागर टुना आयोगाचे अधिकारक्षेत्र टुना आणि तत्सम माशांपुरते आहे, त्यामुळे म्हाकूल त्याच्या कक्षेत येत नाही. ही मासेमारी बेकायदा म्हणता येत नाही, कारण तिला लागू होईल असा नियमच नाही. तिला ‘अनियंत्रित’ म्हणतात ते याच अर्थाने. कोणत्याही प्रादेशिक संघटनेच्या कक्षेबाहेरील खोल समुद्रात मासेमारी करण्यासाठी अनुदान देण्यास जिनिव्हा करार मनाई करतो. त्या कलमाचा उपयोग असेल तर तो अशाच समुद्रात आहे. पण जहाज कोठे होते आणि त्यात काय भरले आहे, हे सिद्ध करायला बंदरावरची तपासणीच लागते.

कोकणालाही हा प्रश्न दूरचा नाही. जून २०१९ मध्ये ‘वायु’ चक्रीवादळाच्या वेळी १० चिनी जहाजांना रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आसरा देण्यात आला. संकटातील जहाजाला आश्रय देणे हा समुद्राचा जुना धर्म आहे आणि बंदरराष्ट्र करारही त्याला मुभा देतो. मात्र ही मुभा केवळ संकटनिवारणापुरतीच असते. आश्रय कोठे संपतो आणि बंदराची सेवा कोठे सुरू होते, याची रेषा आधीच आखून ठेवावी लागते. वादळ आल्यावर ती आखण्यास सवड नसते.

अमिरातीचे स्थान या चित्रात दुहेरी आहे. एकीकडे तिने स्वतःच्या समुद्रात कठोर पावले उचलली आहेत. हामूर आणि शेरी यांसारख्या माशांचे साठे खालावल्यावर अबू धाबीने २०१९ मध्ये ‘गरगूर’ या तारेच्या पारंपरिक सापळ्यांवर बंदी घातली. साफी आणि शेरी या माशांच्या प्रजननकाळात, मार्च-एप्रिलमध्ये, त्यांची मासेमारी थांबवली जाते. अबू धाबीच्या पर्यावरण संस्थेच्या माहितीनुसार तेथील शाश्वत मासेमारीचा निर्देशांक २०१८ मध्ये ८.९ टक्के होता, तो २०२४ अखेर ९७.४ टक्क्यांवर पोहोचला. दुसरीकडे हा देश मासळीचा मोठा आयातदार आणि समुद्री व्यापाराचा नाका आहे. फुजैरा हे जहाजांना इंधन पुरवणाऱ्या जगातील प्रमुख बंदरांपैकी एक, तर जेबेल अली हे कंटेनर वाहतुकीचे मोठे केंद्र. स्वतःच्या पाण्यात संयम पाळणाऱ्या देशाने ताटातला आयात मासा कोठून आला हे विचारले नाही, तर त्या संयमाची किंमत शेजारच्या समुद्राला मोजावी लागते.

येथेच बंदरराष्ट्र कराराची मर्यादाही दिसते. आधी अन्यत्र उतरवलेली मासळी घेऊन आलेल्या कंटेनर जहाजांना, संशयाचा स्पष्ट आधार नसेल तर, करारातून सूट आहे. उपजीविकेपुरती पारंपरिक मासेमारी करणाऱ्या शेजारी देशांच्या नौकांनाही सवलत आहे. दोन्ही सवलती न्याय्य आहेत, पण आखातात कंटेनर आणि लाकडी नौका हीच तर मालवाहतुकीची नेहमीची साधने आहेत. गोठवलेली मासळी एकदा शीतकंटेनरमध्ये शिरली की ती कोणत्या जहाजाने पकडली हे केवळ कागद सांगतात. म्हणून जेटीवरील निरीक्षकाइतकीच जबाबदारी मालवाहतूक, विमा, बँकिंग आणि शीतगृह व्यवसायांवर येते. या क्षेत्रांत आखातात मराठी व्यावसायिकांची संख्या थोडी नाही. मासेमारी प्रमाणपत्र मागणे, जहाजाचा नोंदणी क्रमांक पडताळणे आणि संशयास्पद जहाजाचा विमा नाकारणे ही त्यांच्या रोजच्या कामातील पावले आहेत.

आता भारताच्या भूमिकेकडे वळायला हवे. अनुदानांच्या प्रश्नावर भारताचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. वाणिज्यमंत्री पियूष गोयल यांनी जून २०२२ मध्ये जिनिव्हात सांगितले होते की, भारत एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर देतो, तर काही देश हजारो डॉलर देतात. अबू धाबीत भारताने विकसनशील देशांना २५ वर्षांचा संक्रमणकाळ मागितला आणि दूरच्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या देशांनी तितकीच वर्षे आपली अनुदाने थांबवावीत, असा आग्रह धरला. सातपाटीच्या किंवा हर्णैच्या मच्छीमाराला मिळणारा डिझेल परतावा आणि महासागर ओलांडणाऱ्या पोलादी ताफ्याला मिळणारे साहाय्य एकाच तराजूत तोलणे अन्यायाचेच आहे.

परंतु बंदर नियंत्रण हा अनुदानापासून वेगळा विषय आहे. बंदरराष्ट्र करार परदेशी जहाजांसाठी आहे. तो कोणाचा डिझेल परतावा काढून घेत नाही. श्रीलंका, म्यानमार, ओमान, मालदीव आणि बांगलादेश हे शेजारी त्यात सामील आहेत आणि २०२५ मध्ये चीननेही तो स्वीकारला. भारत अद्याप बाहेर आहे. टुना आयोगाचा सदस्य म्हणून त्याच्यावर बंदर तपासणीचे काही नियम लागू होतात, पण म्हाकूल त्यांत बसत नाही. जिनिव्हात आणि अबू धाबीत दूरच्या ताफ्यांविरुद्ध बोलणाऱ्या देशाने त्याच ताफ्यांना रोखणारे सर्वांत सोपे साधन बाजूला ठेवावे, ही विसंगती आहे.

या विसंगतीमागे घरचीही एक अडचण आहे. दुसऱ्याच्या जहाजाला कागद विचारायचे तर आपल्या जेटीवर तीच शिस्त लागते. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, २०२१ मध्ये आपला सागरी मासेमारी कायदा कडक केला आणि जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनद्वारे टेहळणी सुरू केली. ड्रोनला नौका दिसते, मात्र तिच्यातील मासळी कोठे आणि कशी पकडली याचा पुरावा ती उतरते तेथेच मिळतो. मिरकरवाडा, हर्णै किंवा ससून डॉकवर उतरणाऱ्या मासळीची नोंद चोख झाली, तर पारंपरिक मच्छीमाराची जुनी तक्रार सुटण्यास मदत होईल आणि परदेशी जहाजांना प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकारही येईल.

दिरंगाईची किंमत कोणाला मोजावी लागते, याची उदाहरणे समोर आहेत. युरोपीय संघ २०१० पासून मासेमारी प्रमाणपत्राशिवाय समुद्री मासळी आत घेत नाही. त्याने २०१५ मध्ये श्रीलंकेच्या मासळीवर बंदी घातली आणि त्याच वर्षी थायलंडला इशाऱ्याचे पिवळे पत्र दिले. श्रीलंकेवरील बंदी २०१६ मध्ये आणि थायलंडचे पत्र २०१९ मध्ये, सुधारणांनंतर, मागे घेण्यात आले. भारतीय ट्रॉलरांच्या जाळ्यांत कासवांच्या सुटकेची सोय नाही म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये समुद्रातून पकडलेल्या भारतीय कोळंबीची आयात थांबवली. असे निर्णय दोषी नौका शोधून येत नाहीत. ते साऱ्या देशाच्या मालावर येतात आणि त्यांत नियम पाळणारा मच्छीमारही भरडला जातो.

सप्टेंबर २०२९ ची मुदत जवळ येत आहे. अनुदानांवर एकमत होईल की नाही, हे राजधान्यांतील वाटाघाटी ठरवतील. बंदराचे दार मात्र प्रत्येक देशाच्या स्वतःच्या हातात आहे आणि त्यासाठी दीडशेहून अधिक सदस्यांच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. आखाताच्या आणि कोकणच्या बाजारात एकच सुरमई विकली जाते, तिकडे ‘कनअद’ म्हणून आणि इकडे सुरमई म्हणून. ओमान दर वर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिची मासेमारी थांबवतो, तर भारताचा पश्चिम किनारा जून-जुलैत यांत्रिक नौकांना विश्रांती देतो. या दोन्ही संयमांचे फळ तिसऱ्याच जहाजाने लाटू नये, एवढी खबरदारी मस्कत, फुजैरा, मुंबई आणि रत्नागिरी यांनी एकमेकांना वेळेवर खबर देऊन घेता येण्याजोगी आहे. भारताने बंदरराष्ट्र करार स्वीकारला, तर त्या साखळीतील एक मोठा दुवा जोडला जाईल आणि अनुदानांवरील त्याच्या न्याय्य मागणीलाही अधिक वजन येईल.