शोधनिबंध मोजले, संशोधनाचे काय?

मुंबई, विशेष प्रतिनिधी

वैद्यकीय महाविद्यालयाची प्रतिष्ठा आता केवळ खाटा आणि प्रवेशाच्या जागांवर ठरत नाही. तेथून वर्षाला किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले, हेही पाहिले जाते. केंद्राच्या संस्था-मानांकनात २०१८पासून वैद्यकीय शिक्षणाचा स्वतंत्र गट असून, त्यात संशोधनासाठी गुण आहेत. त्यामुळे निबंधांचा आकडा वाढला की संशोधन वाढले, असा सोपा हिशेब रूढ झाला आहे. उपनगरांतील संस्थांना हा हिशेब लावून पाहिला, की त्यातील त्रुटी उघड होतात.

मुंबई महापालिकेची केईएम, नायर व शीव येथील वैद्यकीय महाविद्यालये शहर भागातील. केईएममधून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५पासून निघते. जुहूच्या कूपर रुग्णालयाला जोडून महाविद्यालय सुरू झाले ते मात्र २०१५मध्ये. शून्यापासून सुरुवात करणाऱ्या संस्थेत दोनाचे दहा निबंध झाले, तरी वाढ पाचपट दिसते. जुन्या संस्थेत तेवढेच निबंध वाढले, तर ती वाढ नजरेतही भरत नाही. तेव्हा तुलना करायची तर ती दर शिक्षकामागे आणि सलग काही वर्षांची सरासरी घेऊनच केली पाहिजे.

नावांचा घोळ

निबंध कोणाच्या खात्यावर जमा होतो, हा त्याहून अवघड प्रश्न. कूपरच्या महाविद्यालयाला हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे यांचे नाव आहे. एका लेखकाने हे पूर्ण नाव, दुसऱ्याने आद्याक्षरे आणि तिसऱ्याने केवळ रुग्णालयाचे नाव लिहिले, तर संगणकीय सूचीत एकाच संस्थेच्या तीन संस्था होऊ शकतात. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८मध्ये स्थापन होण्यापूर्वी शहरातील वैद्यकीय महाविद्यालये मुंबई विद्यापीठाकडे होती. आजही लेखकाने विद्यापीठाचा उल्लेख टाळला, तर तो निबंध विद्यापीठाच्या मोजणीतून निसटतो. याउलट, तीन महाविद्यालयांनी मिळून लिहिलेला एक निबंध प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण धरला, तर एकाचे तीन होतात.

डॉ. समीरन नंदी व सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २००५ ते २०१४ या काळातील देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांचा आढावा घेतला होता. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध आढळला नाही, तर अवघ्या २५ संस्थांचा वाटा ४०.३ टक्के होता. ही विषमता गंभीर आहेच; पण 'शून्य' म्हणजे त्या सूचीतील शून्य, हेही विसरून चालणार नाही.

बढतीचे गणित

भारतीय वैद्यक परिषदेने २००९मध्ये शिक्षकांच्या बढतीसाठी निबंधांची अट घातली. पुढे २०१५च्या परिपत्रकाने पहिल्या दोनच लेखकांना श्रेय दिले. २०२२च्या नियमांनी ते पहिल्या तीन लेखकांना किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला दिले. नियम बदलला की लेखकांचा क्रम आणि निबंधांची संख्याही बदलू शकते. रुग्णकक्षातील संशोधन मात्र होते तेथेच राहू शकते. या दडपणातून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, यावरून रोगाची व्याप्ती कळते.

दुसरीकडे, मोलाचे काम मोजणीत येत नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने १९९२-९३पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. तिच्या आकडेवारीवर देशोदेशींचे अभ्यासक निबंध लिहितात. त्यांची नोंद त्या-त्या अभ्यासकांच्या विद्यापीठांकडे होते.

एमडी आणि एमएसच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो. त्यांपैकी किती प्रबंध छापून येतात, किती निष्कर्ष इतरांनी पडताळले आणि त्यांतून उपचारांत काय बदलले, ही मोजदाद अधिक उपयोगाची ठरेल. दर पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण उपनगरी रुग्णालयांत दाखल होतात. त्यांच्या केसपेपरवरून लिहिलेल्या निबंधाचा पुढच्या पावसाळ्यातील रुग्णाला उपयोग झाला का, याचे उत्तर महाविद्यालयांकडून मागितले गेले पाहिजे.