समान आणि तेच

‘या दोन साहित्यकृतींत साम्य आहे’ हे विधान आपण वर्गात इतक्या सहजतेने करतो की, साम्य म्हणजे नेमके काय हे विचारायचे राहूनच जाते. संगणकाला ही मोकळीक नसते.

पायथन या संगणकभाषेत ‘टपल’ नावाची रचना आहे. टपल म्हणजे ठरावीक क्रमाने मांडलेल्या घटकांचा गट. दोन टपल समान आहेत का हे पाहताना पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा असे घटक ताडले जातात. एखादा घटक जुळला नाही किंवा संख्या कमीअधिक निघाली, तर उत्तर नकारार्थी. तेच घटक उलट क्रमाने आले, तरीही नकारच. मात्र सारे जुळले तरी त्या दोन गोष्टी एकच ठरत नाहीत. समानता ‘==’ या चिन्हाने विचारायची आणि एकत्व ‘इज’ या वेगळ्या शब्दाने.

आमच्या मते, हा भेद मराठी समीक्षेने अवश्य उचलावा.

आपले नावही एक टपलच आहे. चिंतामणी त्र्यंबक खानोलकर हा तीन घटकांचा गट, तर आरती प्रभू हा दोन घटकांचा. ताडले तर असमान, माणूस मात्र एकच. वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे १९३० साली ते जन्मले, तेव्हा जिल्हा रत्नागिरी होता. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि पत्त्यातला एक घटक बदलला. माती तीच राहिली. याउलट, मालवण किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या तिन्ही बाबतींत जुळणारी दोन माणसे असू शकतात. तिथे टपल समान, माणसे निराळी.

समीक्षेत दोन्ही चुका घडतात. लेखक एकच, म्हणून ‘कोंडुरा’ या कादंबरीची किल्ली ‘नक्षत्रांचे देणे’मधील कवितांना लावली जाते. इथे एकत्वावरून समानता गृहीत धरलेली असते. दुसरीकडे समुद्र, शाप, मृत्यू अशी आशयसूत्रे जुळली की दोन कृती सारख्या ठरवल्या जातात. ती कोणत्या क्रमाने येतात, हे पाहिलेच जात नाही. साहित्यात तर क्रम हाच पुष्कळदा अर्थ असतो.

म्हणून ‘साम्यभेद स्पष्ट करा’ असा प्रश्न घालणाऱ्याने काय ताडायचे आणि कोणत्या क्रमाने, हे आधी सांगावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.