रस्त्यावर फुंकर, पाण्यावर मोकळीक

रात्री रस्त्यावर पोलिसांनी मोटार अडवली आणि चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य निघाले, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तोच गडी सकाळी उजनी धरणाच्या जलाशयाकाठी भिगवणला किंवा कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला गेला आणि डिकीतली बाटली पिशवीत घालून होडीत बसला, तर त्याला कोण हटकते? आणि इंजिनाशी बसलेल्याच्या तोंडाचा वास कोण घेते?

कायदा अगदीच गप्प नाही. बेदरकारपणे होडी हाकून जीव धोक्यात घातल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८२ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यासाठी आधी होडी तशी हाकलेली दिसावी लागते. रस्त्यावर नुसती फुंकर पुरते.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सातांपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. त्या दुर्घटनेशी दारूचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल. तिने एवढे मात्र दाखवले, की उजनीचे पाणी शुद्धीवर असलेल्यांनाही सावरायला वेळ देत नाही. मग झिंगलेल्याचे काय?

ऊन, वारा, पाण्यावरची तिरीप आणि इंजिनाची थरथर यांनी माणूस न पिताही थकतो. त्यात दोन पेग गेले की तोल आणि अंदाज लवकर सुटतात. शिवाय होडीत प्रवासी म्हणजे नुसते ओझे नव्हे. फोटोसाठी किंवा लघवीसाठी एक जण काठाशी उठला की साऱ्यांचाच तोल जातो. म्हणून केवळ नावाड्याला बंदी घालून भागणार नाही.

व्यापारी जहाजांवरील खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय करारात १०० मिलिलिटर रक्तामागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पण जहाजावर एक अधिकारी डगमगला तर दुसरा उभा करता येतो. उजनीच्या होडीत नावाडी एकच. त्याच्यासाठी आकडा शून्यच हवा.

अडचण वेगळीच आहे. हंगाम हिवाळ्याचा, चार-पाच महिन्यांचा. पुण्याहून आलेल्या झिंगलेल्या टोळक्याला नकार दिला तर फेरीचे पैसे बुडतात, वर शिवीगाळ. नावाड्याला एकट्याला हे निभावता येणार नाही. अंतर्गत जलवाहतुकीतील होड्यांचा कारभार पाहणाऱ्या महाराष्ट्र सागरी मंडळाने आणि पोलिसांनी धक्क्यावरच्या दरफलकाखाली एक ओळ लिहावी: प्यायलेल्यांना होडीत घेतले जाणार नाही, आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. खाली अधिकाऱ्याचा हुद्दा आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक असावा. मग वाद घालणाऱ्याला नावाडी फलकाकडे बोट दाखवू शकेल.