चांदी खरी, नाणं खोटं

धनत्रयोदशीला आमच्या घरी जे वाजलं त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलंय. तेव्हा माझी बाजू इथे लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येक नातेवाईकाला वेगळं सांगत बसायला नको.

झालं असं, की ताईला लग्नात द्यायला म्हणून बाबांनी नेहमीच्या सराफाकडून पाच राणीछाप रुपये आणले. चांदीच्या भावाच्या जवळजवळ दीडपट पैसे मोजून. का तर "जुने आहेत". मी सहज विचारलं, "बाबा, तपासून घेतलेत ना?" बस्स, संपलं! "चाळीस वर्षांची ओळख आहे. त्याला काय तोंडावर विचारू, खोटं देतोयस का म्हणून?"

हे जे वाक्य आहे ना, त्याच्याशीच माझं भांडण आहे. तपासणं म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे अपमान! आमच्या धंद्यात तुमचा कोड दुसरा माणूस ओळन् ओळ वाचतो, चुका काढतो आणि मग दोघं चहाला जातात. कुणाचं नाक कापलं जात नाही.

असो. रुपयांकडे येतो.

व्हिक्टोरियाच्या काळापासून 1939 पर्यंतचा सरकारी चांदीचा रुपया म्हणजे 11.66 ग्रॅम वजन आणि त्यात 91.7 टक्के चांदी. चलनात झिजलेला असेल तर वजन थोडं कमी भरतं, ते चालायचंच. 1940 पासून, महायुद्धाच्या काळात, सरकारने स्वतःच चांदी 50 टक्क्यांवर आणली आणि 1947 चा रुपया तर चक्क निकेलचा. म्हणजे 1944 चा रुपया अर्धाच चांदीचा निघाला तर तो खोटा नाही, तो तसाच होता.

लोहचुंबक लावून बघणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. चांदी चिकटत नाही हे खरं, पण तांबं, पितळ, शिसं आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही! त्यापेक्षा पाव ग्रॅमच्याही खाली मोजणारा छोटा वजनकाटा घ्या. आधी नाणं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला टेकू न देता. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. ही झाली घनता. चांगल्या राणीछाप रुपयाची सुमारे 10.3 येते. जर्मन सिल्व्हरची नऊच्याही खाली.

बाबांच्या पाचही रुपयांची 10.3 च्या आसपास आली. बाबा खूश. "बघ! उगाच लोकांवर संशय घेतोस."

इथेच तर सगळी मेख आहे. काटा काय म्हणाला? चांदी आहे. नाणं 1862 सालचं आहे असं तो म्हणालाच नाही, त्याला ते कळतच नाही. कसोटीचा दगड, ऍसिड, हॉलमार्क... सगळे धातूबद्दल बोलतात, वयाबद्दल एक अक्षर नाही. चांगल्या चांदीतही नकली राणीछाप बनवता येतो, आणि दीडपट भाव मिळणार असेल तर बनवणाऱ्याला चांदी घालणं परवडतंसुद्धा.

मग मी दहापटीचं भिंग काढलं. पाचपैकी दोन रुपये 1862 चे. दोन्हींवर राणीच्या गालावर एक बारीक खाच, त्याच जागी, त्याच तिरकसपणाने. दीडशे वर्षं वेगवेगळ्या खिशांतून फिरलेल्या दोन नाण्यांना एकच जखम कशी होईल? एका खऱ्या नाण्याचा साचा काढला, त्याच्या गालावरची खाचही साच्यात आली आणि मग प्रत्येक पिल्लाच्या गालावर. अक्षरांच्या कडा गोलसर, पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. टांकसाळीत ठोकलेलं नाणं असं दिसत नाही, ओतलेलं दिसतं.

याच्याही पुढची पायरी आहे. 1939 चा रुपया फार दुर्मिळ, म्हणून 1938 च्या अस्सल रुपयावरचा एक आकडा कोरून 1939 करतात. तिथे धातू खरा, वजन खरं, टांकसाळही खरी, खोटा फक्त शेवटचा अंक. त्याला कुठला काटा पकडणार? भिंग आणि शेजारी ठेवायला एक खात्रीचं नाणं, एवढंच कामाला येतं. (आणि कृपा करून जुनी नाणी चिंचेने, टूथपेस्टने घासू नका. काळपटपणा जातो, बारीक रेघा जातात, पुरावाही जातो.)

तपासणं आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणणाऱ्यांना एक विचारतो. पोतदार हे आडनाव कुठून आलं? गावात नाणी पारखणारा माणूस तो. सारा भरताना रुपया त्याच्या हाताखालून जायचा. गावाने त्यासाठी माणूस नेमला होता, त्याला त्याचा मोबदला मिळायचा, आणि कुणी म्हणत नव्हतं की हा आपला अपमान करतोय. आज आपण त्याच कामाला संशयी स्वभाव म्हणतो.

हे सगळं बोलून झाल्यावर आईने आजीचा डबा काढला, बहुतेक विषय बदलायला. त्यात अकरा रुपये. आठ छान, दोन 1944 चे अर्ध्या चांदीचे, आणि एक वेगळ्या चिंधीत गाठ मारून ठेवलेला. तोलला तर साडेनऊ ग्रॅमही नाही. "हा वेगळा का बांधलाय?" मी विचारलं.

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तो बद्द आहे. आजी प्रत्येक रुपया फरशीवर वाजवून घ्यायची. तो एक कधीतरी घाईत घेतला गेला."

मी काही बोललो नाही. शनिवारी ते दोन जुळे रुपये आणि भिंग घेऊन दुकानात जाणार आहे. बाबा येणार नाहीत म्हणतात. पावती मात्र त्यांनी काढून टेबलावर ठेवली आहे.