तात्पुरती पाटी, कायमचा दंड

बार्शीची ज्वारी वाशीच्या बाजारात न्यायची तर बोरघाट उतरावाच लागतो. गाडी भाड्याची, चालक परका. मग बोगद्यातल्या वेगाच्या पाटीशी जिराईत शेतकऱ्याचे काय देणेघेणे, असे कुणी विचारील. गाडीला चलन आले की मालक ते पुढच्या खेपेच्या भाड्यात चढवतो आणि भाडे आपल्या पट्टीतून कापले जाते. शेवटचा खिसा आपलाच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अवजड गाडीचा वेगाचा दंड २,००० ते ४,००० रुपये आहे. क्विंटलच्या हिशेबात तो किती बसतो ते ज्याचे त्याने मांडून पाहावे.

गेल्या हंगामात अशाच एका गाडीत आम्ही चालकाशेजारी बसून गेलो. द्रुतगती मार्गावरच्या एका बोगद्याच्या तोंडाशी पाटी होती : काम चालू आहे, वेग ३०. आत चार-दोन शंकू मांडलेले, माणूस एकही नाही. चालक वैतागून म्हणाला, "साहेब, दिवाळीच्या आधीपासून असंच आहे. तीसनं गेलो तर मागचे हॉर्न वाजवून जीव खातात, नाही गेलो तर चलन." पाटी कुणी लावली, कधीपर्यंत, त्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

पुढे लोणावळा, खंडाळा मागे पडले आणि घाट लागला. इथली मर्यादा मात्र खोटी नाही. जुलै २०२४ मध्ये या मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली तेव्हा घाटात अवजड गाड्यांना ताशी ४० ची मर्यादा होती. चढताना भरलेली गाडी आपल्या ओझ्यानेच रांगते, तिला पाटी लागत नाही. उतरताना ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. वाहतूकदारांनी जुलै २०२५ मध्ये ई-चलनाविरुद्ध बंद पुकारला. त्यांच्या पुष्कळ तक्रारी आम्हाला पटतात, पण उतारावर मोकळीक द्या असे आम्ही म्हणणार नाही. मुद्दा वेगळा आहे. बोगद्यातली ३० ची पाटी खोटी आहे हे ज्याला महिनोन् महिने रोज दिसते, तो घाटातली ४० ची पाटी खरी का मानील?

कापूसवाल्यांना हे समजावून सांगायला नको. हिरवी बोंडअळी नुकसानीच्या पातळीवर आली की फवारायचे, हे आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो आणि गावोगाव सांगितले. पण तारीख आली की फवारा, अळी असो नसो, असे झाले आणि पुढे अळी औषधाला दाद देईनाशी झाली. पाटीचेही तेच. गरज नसताना लावली की गरजेच्या वेळी चालत नाही.

आणि 'तात्पुरते' या शब्दाशी आपला जुना परिचय आहे. १९४६ साली जीवनावश्यक मालावरच्या नियंत्रणाचा जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. त्याच्या जागी १९५५ चा कायदा आला, तो आजही आहे. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ ला सुरू झाली आणि मुदतवाढीवर मुदतवाढ घेत २००२ पर्यंत पोचली. ज्याने बंधन घातले त्याला ते काढण्याची घाई कधीच नसते. खोळंबा त्याचा होत नाही ना!

रस्त्याच्या बाबतीत कायदा निदान स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२ : वेगाचे बंधन एक महिन्यापेक्षा जास्त ठेवायचे नसेल तरच राजपत्रातल्या अधिसूचनेशिवाय चालते. महिन्याच्या पुढे अधिसूचना हवी. म्हणजे दिवाळीपासून उभ्या असलेल्या पाटीला राजपत्राचा आधार आहे का, हे विचारण्याचा हक्क चालकाला आहे, आणि त्याचे भाडे भरणाऱ्या आपल्यालाही.

आमची मागणी एवढीच. तात्पुरत्या प्रत्येक पाटीवर कारण, लावल्याची तारीख, संपण्याची तारीख आणि लावणाऱ्या कार्यालयाचे नाव असावे. तारीख उलटली की त्या पाटीवरचे चलन रद्द.

जिल्हा बैठकीला येताना, ज्यांच्या मालाच्या गाडीला असे चलन आले असेल त्यांनी त्याची प्रत आणि त्या खेपेची पट्टी, दोन्ही सोबत आणावीत. जमल्यास चालकालाही घेऊन यावे.