यंत्र गप्प का होते?

वैशाख लागला की जळगाव-धुळ्याचे रस्ते भर दुपारी ओस पडतात. पारा अनेकदा 44-45 अंशांपर्यंत चढतो आणि घरी राहिलेल्या वडीलधाऱ्यांची चिंता पुण्या-मुंबईतील मुलांना लागून राहते. मग कूलरला स्मार्ट प्लग लागतो, खोलीचे तापमान फोनवर दिसू लागते आणि मुले निर्धास्त होतात.

धुळ्याच्या आमच्या मावशींकडे असेच झाले. एके दुपारी मुलाच्या फोनवर प्लग ‘ऑफलाइन’ दिसला. वीज गेली असेल, येईल, असे म्हणून तो कामाला लागला. तासाभराने वीज आली, प्लगही जोडला गेला. परंतु बंदच राहिला. मावशींना वाटले, मुलगा तिकडून लावील. मुलाला वाटले, आईने हाताने लावला असेल. संध्याकाळी शेजारीण डोकावली तेव्हा मावशी गळून पडल्या होत्या. वेळीच उपचार मिळाले म्हणून त्या सावरल्या. त्या प्रसंगानंतर आम्ही घरातील साऱ्या जोडण्या पुन्हा तपासल्या. त्यातून उमगलेले येथे मांडतो.

प्लग मुळात जोडलाच जात नसेल, तर प्रथम राउटरकडे पाहावे. बहुतेक स्मार्ट प्लग केवळ 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. राउटर बहुधा दोन नावे दाखवतो. ज्याच्या शेवटी ‘5जी’ असते ते 5 गिगाहर्ट्झचे, आणि अशा प्लगला ते सापडतच नाही. फोन दुसऱ्या नावाला जोडून मग प्रयत्न करावा. जोडणी होईपर्यंत फोनमधील ब्लूटूथ व ‘लोकेशन’ सुरू ठेवावे.

जोडणी होऊन वारंवार तुटत असेल, तर कारण भिंतीत असू शकते. खानदेशातील धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, तशाच त्या वायफायच्या लहरीही अडवतात. राउटर लोखंडी कपाटामागे न ठेवता मधल्या खोलीत, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. वायफायचा पासवर्ड बदलला असेल, तर प्रत्येक यंत्र नव्याने जोडावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

वीज जाऊन आल्यावर प्लगने काय करावे, हे अनेक अ‍ॅपमध्ये ठरवून देता येते. तेथे ‘पूर्वी होते तसे’ हा पर्याय निवडावा. मावशींच्या घरी नेमके हेच राहून गेले होते. राउटरला छोटा यूपीएस जोडल्यास वीज नसतानाही वायफाय काही काळ टिकते. मात्र यूपीएसचे व्होल्ट राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरील आकड्याशी जुळलेच पाहिजेत. मुलांनी आपल्या फोनमधील बॅटरी-बचत या अ‍ॅपपुरती बंद ठेवावी, अन्यथा सूचना वेळेवर पोहोचत नाहीत. आणि एसीसारखे जड उपकरण 6 किंवा 10 अँपिअरच्या प्लगवर कदापि चालवू नये; त्यासाठी 16 अँपिअरचाच हवा.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. प्लग कूलर सुरू करील, पण टाकीत पाणी भरणार नाही. खोलीचे तापमान कळेल, पण आईने पाणी प्यायले की नाही, हे कळणार नाही. म्हणून प्लगवरील बटण हाताने कसे दाबायचे, हे आई-वडिलांकडून दोनदा करवून घ्यावे आणि ठळक अक्षरांत लिहून शेजारी चिकटवावे. दुपारी एकदा आणि चार वाजता एकदा फोन करावा. फोन उचलला गेला नाही, तर डोकावून पाहील असे शेजारचे एक घर आधीच ठरवून ठेवावे.

अंग अतिशय तापले असेल, बोलण्यात असंबद्धता किंवा गुंगी जाणवत असेल, तर तो उष्माघात समजावा. लगेच 108 वर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला सावलीत घ्यावे, अंग ओले करून वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

सूचना आली नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे मात्र कधीही मानू नये. यंत्र गप्प असेल तेव्हा माणसाने विचारपूस केलीच पाहिजे.